गाळातील जड धातू तपासताना: नवोदितांसाठी सल्ला

उपसागराच्या गाळातील शिसे, जस्त, तांबे यांचे आकडे हाती येताच प्रदूषणाचा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. धातू मुख्यतः बारीक, चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतात. त्यामुळे वाळूत ते कमी आणि संथ भागातील चिखलात जास्त आढळणे हे पुष्कळदा निव्वळ कणांच्या आकाराचे फलित असते. म्हणून एक तर ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक अंश चाळून वेगळा तपासावा, किंवा धातूचे, चिकणमातीचे प्रमाण दाखवणाऱ्या ॲल्युमिनियमशी असलेले गुणोत्तर काढून ते पार्श्वभूमीच्या, म्हणजे प्रदूषण न पोहोचलेल्या, गाळातील त्याच गुणोत्तराशी ताडून पाहावे.

ही पार्श्वभूमी कुठून घेता, यावरच सगळे मूल्यमापन उभे असते. शेल या चिकणमातीपासून बनलेल्या खडकाची सरासरी मूल्ये सोयीची असतात खरी, पण जिथे बसाल्टची झीज होऊन गाळ येतो तिथे तांबे, निकेल मुळातच जास्त असते, आणि मग निसर्गाचे देणे कारखान्यांच्या माथी मारले जाते. त्याच ठिकाणच्या गाभा-नमुन्यातील (नळी खोल रोवून काढलेल्या गाळाच्या उभ्या स्तंभातील) औद्योगिक काळापूर्वीचा खोल थर मला केव्हाही अधिक भरवशाचा वाटतो. म्युलर यांच्या १९६९ च्या भू-संचय निर्देशांकात, म्हणजे गाळातील धातू पार्श्वभूमीच्या तुलनेत किती वाढला हे सांगणाऱ्या मापात, पार्श्वमूल्याला १.५ ने गुणतात ते नैसर्गिक चढउतारांना वाव देण्यासाठी. मूळ मूल्यच चुकीचे असेल तर तो गुणक तारून नेत नाही.

नमुना घेताना ग्रॅबच्या (तळाचा गाळ उचलणाऱ्या जबड्यासारख्या साधनाच्या) पोलादी भिंतीला टेकलेला गाळ सोडून मधला भाग प्लास्टिकच्या चमच्याने उचलावा. पारा मोजायचा असल्यास गाळ तापत्या ओव्हनमध्ये वाळवू नये, कारण पारा उडून जातो. नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीसोबत प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातील धातूंचे प्रमाण आधीच ठाऊक असते असा) तपासावा, आणि त्याचा आकडा जुळला नाही तर कितीही कंटाळा आला तरी ती तुकडी पुन्हा करावी.