बीजिंगमध्ये एकाच दिवसात चीनच्या वेगवेगळ्या वांशिक गटांची संस्कृती पाहता येईल का?

येईल. 'चायना एथनिक म्युझियम' नावाचं खुलं संग्रहालय आहे, ऑलिंपिकच्या 'बर्ड्स नेस्ट' स्टेडियमजवळच. चीन सरकार ५६ वांशिक गट मानतं. त्यातले हान बहुसंख्य, बाकीचे ५५ अल्पसंख्याक. इथे काचेच्या कपाटांपेक्षा घरंच जास्त पाहायची: दाई लोकांची खांबांवर उभी घरं, तिबेटी मंदिर, तुंग लोकांचा नगारा-मनोरा. हा मनोरा नीट बघा. मजल्यावर मजले चढवलेले, पण पारंपरिक पद्धतीत लोखंडी खिळा नाही, सगळं लाकडाच्या खाचा आणि कुसांवर तोललेलं. गावाची बैठकही त्याच्याखालीच भरते, आपल्या पारासारखी.

एक गंमत: पूर्वी रस्त्यावरच्या इंग्रजी पाटीवर याचं भाषांतर चक्क 'रेसिस्ट पार्क' झालं होतं!

अर्थात, हे सगळं पर्यटकांसाठी मांडलेलं आहे, नाच-गाण्यांसकट. त्यावरून खऱ्या गावाची कल्पना करू नका. पुढे युन्नानला जाणार असाल तर कुनमिंगला त्येन सरोवराकाठी असंच एक ग्राम आहे; तिथे फक्त त्या प्रांतातल्याच २५ अल्पसंख्याक गटांवर भर आहे. मी तेच निवडेन.