बाईंना विचारा : हात स्टेअरिंगवर, ओळी तोंडात

प्रश्न : बाई, मी संकेश्वरला राहते आणि बेळगावात एका बँकेत नोकरी करते. रोज स्वतः गाडी चालवत ये-जा असते. हत्तरगीचा टोलनाका ओलांडला की ओळी सुचायला लागतात. काकती येईतो निम्म्या विसरतात, आणि टेबलाशी बसून कॉम्प्युटर सुरू केला की उरलेल्याही जातात. कशाबशा वाचलेल्या दोन कविता सोबत पाठवते. यांना कविता म्हणायचं का? विसरणं थांबवू कसं? आणि मध्येच एखादं कानडी बोलणं येतं, जसं नाक्यावरच्या पोराचं ‘होग्री, होग्री’ (जा हो, जा), ते ठेवू का?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : कानडीचं आधी उरकते. नाक्यावरच्या पोराचं ‘होग्री, होग्री’ आहे तसंच राहू द्या. आपल्याकडच्या वाचकाला तिथं तळटीप लागत नाही.

आता तुमची पहिली कविता :

आयुष्याच्या महामार्गावर
टोलनाका लागतो
सुखाची पावती फाडून
दुःखात पुढे सोडतो

ही कविता मला टोलनाका असलेल्या प्रत्येक गावाहून येते. निपाणीकडचे लोक कोगनोळीचा नाका घालून पाठवतात, एवढाच फरक. रस्ता दिसला की लगेच आयुष्य आठवायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. आणि ताई, २०२१च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला. नाक्यावर पावती फाडणारा माणूस तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? तुम्ही रोज पाहता ते वेगळंच असणार : टॅग वाचला जात नाही म्हणून पावसात भिजत हातातलं यंत्र काचेला लावणारं पोरगं, मागच्याचे हॉर्न, आणि पुढच्या गाडीतल्या साहेबांचं भांडण. त्यातलं या कवितेत काहीच नाही. ही फाडून टाका.

दुसरी मात्र मी दोनदा वाचली :

पुढं उसाची ट्रॉली,
मागं लाल दिवा नाही.
घाट सरेपर्यंत
तिचा दिवा मीच.
असंच प्रत्येकानं कुणाचा तरी प्रकाश व्हावं.

हंगामात कारखान्यांचे बॉयलर पेटले की तुमच्या रस्त्यावर काय होतं हे हुक्केरी तालुक्यात कुणाला सांगायला नको. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी, आणि मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. वंटमुरीच्या वळणावर ओव्हरटेक न करता तुम्ही मागं राहिलात, म्हणून ट्रॉली तुमच्या मागून येणाऱ्याला दिसली. हे सगळं तुमच्या चार ओळींत आहे. पाचवी ओळ शाळेच्या फळ्यावरच्या सुविचाराची. तीस वर्षं तो फळा मीच लिहीत होते, म्हणून मला तो लांबूनही ओळखू येतो. ‘तिचा दिवा मीच’ इथं थांबा. ही कविता आहे, शंका नको.

विसरण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमची अडचण नवी नाही. जात्याचा खुंटा धरलेल्या बाईचे हातही गुंतलेलेच असायचे. कागद नव्हता, बऱ्याच जणींना अक्षरओळखही नव्हती. तरी त्यांच्या ओव्या टिकल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांचा आकडा एक लाखाच्या वर आहे. त्या टिकल्या, कारण त्यांची बांधणीच लक्षात राहण्यासाठी होती. सुरुवात ठरलेली : पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी. त्यामुळं सुरू कुठून करायचं हा प्रश्नच उरत नाही. ओळ छोटी, दळणाच्या एका लयीत बसणारी. शेवटी यमक, एक ओळ आठवली की ते दुसरीला ओढून आणतं. तुमच्या रस्त्यावर करून पाहा :

पहिली माझी ओवी गं, होनग्याच्या भोंग्याला
रातपाळीचा गडी उभा, चहाच्या टपरीला

थोर वगैरे काही नाही, पण बेळगावात शिरेपर्यंत ही विसरणार नाही. यमक हवं ते सध्या लक्षात राहण्यापुरतं. घरी कागदावर उतरवलंत की खटकेल ते खुशाल काढा. नव्वद टक्के यमकं मग नकोशीच वाटतात.

दुसरी युक्ती, ओळी गावांना बांधून ठेवायची. पहिली यमकनमर्डीला, दुसरी वंटमुरीला, तिसरी भुतरामहट्टीला विद्यापीठाच्या फाट्याशी, चौथी काकतीला. ते गाव आलं की ती ओळ म्हणायची. कवितेला चारापेक्षा जास्त गावं देऊ नका. पाचवीचा मोह तुम्हाला होतो, हे वर दिसलंच.

प्रश्न : अनगोळहून निघाले की टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर मी रोज अडकते. गाडी बंद करून तिथंच हायकू केला. तीन ओळींत पाच-सात-पाच अक्षरं, हे माप पाळलंय. पाळायलाच हवं का?

गेट पडलं
डब्यात कुंदा गार
अजून डबे

– एक वाचक, बेळगाव

उत्तर : तू पाळलंयस आणि कुठं ओढाताण दिसत नाही, तेव्हा राहू दे. पण जपानी भाषेत मोजतात ती ध्वनींची एककं आणि आपली अक्षरं एकास एक जुळत नाहीत. मराठीत बरेच जण तीन ओळी आणि कुठंतरी यमक एवढंच धरून चालतात. शेवटची ओळ वाचून मी हसले. कुंदा, आपली बेळगावी मिठाई, कुणाकडं चालला होता ते सांगितलं नाहीस, हेही बरं केलंस.

हायकू हा मुळात रेंगा नावाच्या साखळीकवितेचा सुरुवातीचा तुकडा. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं पुढं जोडायचं. गेटवर शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याला पुढची कडी विचारून बघ. फार तर वेड्यात काढेल.

प्रश्न : फोनवर बोलून कविता टाईप होते. चालवता चालवता तसं केलं तर चालेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. फोन हातात धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. फोन स्टँडवर लावलात तरी माझं उत्तर तेच, कारण यंत्र ‘तवंदी’चं ‘तंबाखू’ करतं आणि मग तुम्ही तवंदी घाटात वळण सोडून स्क्रीन वाचत बसता. अगदीच राहवलं नाही तर पेट्रोल पंपावर थांबून लिहा. हायवेच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर गाडी लावू नका. मागून उसाची ट्रॉली येत असते, आणि तिच्या ब्रेकचाही भरवसा नसतो.