'दास बोट' ही दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुडीवरची जर्मन युद्धमालिका बघायची आहे. अडीच तासांचा चित्रपट, डायरेक्टर्स कट की पूर्ण मालिका? आणि डिस्क कोणती घ्यावी?

पूर्ण मालिका बघा. तेवढा वेळ काढणं शक्यच नसेल तर डायरेक्टर्स कट, म्हणजे दिग्दर्शकाने स्वतः पुन्हा जुळवलेली आवृत्ती. 1981 चा 149 मिनिटांचा मूळ चित्रपट सगळ्यात शेवटी, तोही कुतूहल म्हणून.

आधी एक गोंधळ मिटवू. या नावाने शोधलंत की 2018 पासूनची स्काय वाहिनीची नवी मालिका समोर येते. ती वेगळी. तिची गोष्ट 1942 मध्ये सुरू होते, पात्रं नवी आहेत आणि बराचसा भाग जमिनीवरच घडतो. वाईट नाही, पण तुम्हाला हवी असलेली म्हणजे वोल्फगांग पीटरसनने दिग्दर्शित केलेली. युर्गन प्रोखनोव हा नट कप्तानाच्या भूमिकेत दिसला, की योग्य डिस्क हातात आहे समजा.

या जुन्या कलाकृतीच्या इतक्या आवृत्त्या का, तर त्यात पैसा जर्मन टीव्ही वाहिन्यांचाही होता. त्यामुळे चित्रीकरण सुरुवातीपासून पडदा आणि छोटा पडदा दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून झालं. 1981 मध्ये थिएटरात चित्रपट आला, त्याला ऑस्करची सहा नामांकनं मिळाली. 1984 मध्ये बीबीसीने सहा भागांची मालिका दाखवली, 1985 मध्ये जर्मनीत तीन मोठे भाग करून दाखवली. 1997 मध्ये पीटरसनने साधारण साडेतीन तासांचा डायरेक्टर्स कट बांधला. आणि 2004 मध्ये 'ओरिजिनल अनकट' या नावाने मालिका डीव्हीडीवर आली, 293 मिनिटांची. प्रत्येक भागाच्या सुरुवातीची उजळणी कापून सलग जोडलेली. म्हणजे मालिका हा चित्रपट ताणून केलेला प्रकार नाही. उलट चित्रपटच मालिकेतून कातरून काढलाय.

आणि कातरताना नेमकं काय गेलं? वाट बघणं गेलं. पाणबुडीवरचं युद्ध म्हणजे बहुतेक वेळ काहीच न घडणं. 1941 च्या शरद ऋतूत यू-96 ही जर्मन पाणबुडी (यू-बोट) बंदरातून निघते तेव्हा आत पाय ठेवायला जागा नसते. छताला हॅम टांगलेले, पाव कोंबलेले, दोनपैकी एका संडासात शिधा भरलेला, म्हणजे पन्नासेक माणसांना उरला एक. पुढे पावांवर बुरशी चढते, दाढ्या वाढतात, चेहरे पांढुरके पडतात. हे मेकअपवर भागवलेलं नाही. चित्रीकरण शक्य तितकं कथेच्या क्रमाने केलं आणि नटांना उन्हात जायला मनाई होती. लहान चित्रपटात मात्र दाढी एका प्रसंगात नाही आणि पुढच्या प्रसंगात हातभर, असं वाटतं. मालिकेत ती तुमच्यासमोर वाढते.

योहान नावाचा इंजिनवाला आहे. डोळे खोल गेलेला, इंजिनाला कान लावून बसणारा. एका हल्ल्यात त्याचा तोल सुटतो. चित्रपटात तो प्रसंग धक्का देतो एवढंच. मालिकेत तुम्ही तोवर कित्येक तास त्या माणसाला यंत्राशी संसार करताना पाहिलेलं असतं, त्यामुळे कप्तानाच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते वेगळंच कळतं. अटलांटिकमधल्या वादळाचा भाग तर मालिकेत इतका लांबतो की काहींना कंटाळा येतो. मला येत नाही. पण तुम्हाला आला, तरी तो त्या खलाशांनाही आलाच होता, हे लक्षात ठेवून पुढे बघा.

मालिकेची एक उणी बाजू सांगतो. वेर्नर या युद्धवार्ताहराचं निवेदन. काही ठिकाणी ते चांगलं आहे, पण काही ठिकाणी पडद्यावर जे दिसतंय तेच शब्दांत सांगत बसतं. डायरेक्टर्स कट या बाबतीत जास्त नेटका आहे.

आवाजाच्या बाबतीतही डायरेक्टर्स कटला तोड नाही. 1997 मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण नव्याने मांडलं गेलं. ब्रिटिश विनाशिकेचा सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणारं यंत्र, टिंग... टिंग... करत जवळ येतो, मग शांतता, मग डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब. बोट खोल जाते तसे पोलादी सांगाडा कुरकुरल्याचे आवाज आणि दाबाने उडणाऱ्या बोल्टांचे आवाज मागून, बाजूने येतात. घरात चहूबाजूंनी आवाज देणारे 5.1 स्पीकर असतील तर पहिल्यांदा मालिका आणि काही महिन्यांनी डायरेक्टर्स कट, असं करा. टीव्हीच्याच स्पीकरवर बघणार असाल तर त्यापेक्षा बरा हेडफोन लावा.

कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. छायाचित्रकार योस्ट वाकानोने जायरोस्कोप (कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र) लावलेला छोटा कॅमेरा हातात धरून, डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर पॅडिंग चढवून, त्या अरुंद नळकांड्यातून नटांच्या मागे अक्षरशः धाव घेतलीय. "अलार्म!" अशी आरोळी उठली की सगळे पुढच्या टोकाकडे पळतात, बोट लवकर बुडी मारावी म्हणून, आणि कॅमेराही गोल झडपांमधून त्यांच्याबरोबर घुसतो. सेट हायड्रॉलिक यंत्रणेवर होता, खरोखर तिरका होत असे. एका लाटेच्या प्रसंगात यान फेडर हा नट खरंच पडला आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. तो शॉट ठेवलाय.

एक बाजूची गोष्ट, आपल्याकडची. मालिकेत बोट सतत वायरलेसवर जहाजांच्या ताफ्याची खबर यायची वाट बघत असते. ही खबर किती मोलाची होती याचा एक पुरावा गोव्यात आहे. मुरगाव बंदरात, म्हणजे तटस्थ पोर्तुगीज हद्दीत, आसऱ्याला आलेलं एरेनफेल्स हे जर्मन व्यापारी जहाज यू-बोटींना दोस्त राष्ट्रांच्या जहाजांचा ठावठिकाणा कळवतं असा ब्रिटिशांना संशय होता. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या राखीव घोडदळाच्या वय झालेल्या हौशी स्वारांनी एका जुन्या बार्जमधून येऊन त्यावर छापा घातला. पणजीला गेलात तर पुढे मुरगावपर्यंत जाऊन या. मालिका बघून गेलात तर आणखी मजा.

"नाझींबद्दल सहानुभूती वाटते का" हा प्रश्न कुणीतरी विचारेलच. मूळ कादंबरी लोथार-ग्युंटर बुखहाइमची. ते स्वतः 1941 मध्ये वार्ताहर म्हणून यू-96 वर गेले होते, आणि पुढे त्यांनीच या चित्रपटावर सडकून टीका केली. त्यांच्या मते युद्धविरोधी कादंबरीचा उथळ थरारपट झाला. मला ते 149 मिनिटांच्या आवृत्तीबाबत थोडंफार पटतं. तीत हल्ले एकामागून एक येतात आणि उत्साह वाटायला लागतो. लांब आवृत्तीत मात्र जळत्या टँकरवरून उड्या मारणारी माणसं बोटीकडे पोहत येतात आणि कप्तान मागे सरकण्याचा हुकूम देतो, तेव्हा तुम्हीही त्या बोटीत इतका वेळ काढलेला असतो की नजर चुकवता येत नाही. सुरुवातीलाच पाटी आहे: यू-बोटींवर 40,000 जर्मन खलाशी गेले, 30,000 परतले नाहीत.

आता खरेदी. 2004 ची अनकट डीव्हीडी दोन डिस्कची आहे, चित्र साध्या दर्जाचं, पण अंधाऱ्या बोटीत ते फारसं खटकत नाही. सेकंड हँड मिळाली तर बिनधास्त घ्या. 2011 च्या अमेरिकन ब्ल्यू-रे संचात डायरेक्टर्स कट आणि मूळ चित्रपट आहे, मालिका नाही. कव्हरवर 'कलेक्टर्स' असं वाचून फसू नका. एचडीमध्ये मालिका हवी तर 2018 चा जर्मन ब्ल्यू-रे संच आहे, त्यात तिन्ही आहेत. मात्र मागवण्याआधी विक्रेत्याकडून इंग्रजी सबटायटल आहेत का ते लिहून घ्या. रीजन कोडही, म्हणजे डिस्क कोणत्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारी खूणही, तपासा: भारत डीव्हीडीला 5 आणि ब्ल्यू-रेला सी, अमेरिका 1 आणि ए, जर्मनी व ब्रिटन 2 आणि बी. प्लेअर मल्टिरीजन नसेल तर बाहेरून आणलेली डिस्क बहुधा चालणार नाही, आणि डीव्हीडीसाठी मल्टिरीजन असलेला प्लेअर ब्ल्यू-रेलाही तसाच असतो असं नाही.

भाषा जर्मनच ठेवा. इंग्रजी डबिंग बऱ्याच मूळ नटांनी स्वतः केलंय, म्हणून ते वाईट नाही, पण "हेर कालॉइन" अशी खलाशांनी कप्तानाला मारलेली हाक त्या दबक्या आवाजात ऐकायलाच हवी. आणि पाच तास एका बैठकीत उरकू नका. जर्मनीत दाखवली तशी तीन संध्याकाळी बघा, दिवा बंद करून.