शुक्रवारची घंटा होण्याआधी

प्रिय मुला,

काल रात्रीचा तुझा निरोप मी आज सकाळी तीनदा वाचला. दोन स्प्रेड (एक ऑप्शन विकून दुसरा घेतलेले जोडसौदे), दोन्ही फायद्यात, दोन्हींची एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपण्याचा दिवस, येत्या शुक्रवारी, आणि तुला झोप नाही. तोट्यातल्या सौद्याने झोप उडाली असती तर मला नवल वाटलं नसतं. पण फायद्यातला सौदा बंद करायला हात धजत नाही, हे दुखणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. म्हणून थोडं लांबलचक लिहिते आहे.

आधी तुझा पुट स्प्रेड. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकायचा हक्क. १०० चा पुट विकलास, ९५ चा घेतलास, क्रेडिट, म्हणजे हातात आलेली रक्कम, शेअरमागे १.२० डॉलर, कॉन्ट्रॅक्ट दहा. एका कॉन्ट्रॅक्टमागे १०० शेअर, म्हणजे खात्यात आले १,२०० डॉलर. आज शेअर १०३ वर आहे आणि तोच स्प्रेड १२ सेंटला परत मिळतो आहे. १२० डॉलर मोजलेस की १,०८० तुझे झाले. तू विचारतोस, "हे १२० तरी का सोडू? तीन दिवसांत ते शून्यच होणार ना?" बहुतेक वेळा होतात. पण शेअर ९५ च्या खाली गेला तर हाच स्प्रेड सोडवायला ५,००० लागतील. १२० मिळवण्यासाठी ४,८८० पणाला. एखाद्याने हाच सौदा आज नव्याने तुझ्यापुढे ठेवला असता तर तू त्याच्याकडे वळूनही पाहिलं नसतंस. मग आपलाच जुना आहे म्हणून तो चांगला कसा झाला?

शेवटच्या आठवड्यात थेटा (दिवसागणिक होणारी ऑप्शनच्या किमतीची झीज) आपल्या बाजूने जोरात काम करतो, हे तू लिहिलंस ते खरं आहे. पण तो जोर शेअरच्या भावाजवळच्या स्ट्राइकवर, म्हणजे ऑप्शनच्या ठरलेल्या भावावर, असतो. तुझ्या स्प्रेडमध्ये झिजायला उरलंय काय? १२ सेंट. आणि त्याच आठवड्यात गॅमाही (शेअर हलला की ऑप्शन किती झपाट्याने जास्त हलू लागतो ते) वाढतो. महिनाभरापूर्वी शेअर तीन डॉलर घसरला असता तर तुझा स्प्रेड थोडा हलला असता. गुरुवारी तीन डॉलर घसरला तर तू थेट स्ट्राइकवर येऊन बसशील, आणि तिथून पुढे प्रत्येक डॉलर जवळजवळ पूर्ण तुझ्या अंगावर.

म्हणून सांगते: बंद कर. दोन्ही लेग, म्हणजे विकलेला आणि घेतलेला ऑप्शन, एकत्र, शुक्रवारच्या आधी.

माझं काय झालं ते ऐक. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. ६० चा पुट विकलेला, ५५ चा घेतलेला, वीस कॉन्ट्रॅक्ट, ९० सेंट क्रेडिट. वहीत मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: जास्तीत जास्त तोटा ८,२०० डॉलर. एक्स्पायरीच्या दुपारी तो स्प्रेड २५ सेंटला मिळत होता. ५०० डॉलर देऊन मोकळी झाले असते. दिले नाहीत. चार वाजता घंटा झाली तेव्हा शेअर ६०.३० वर होता. दोन्ही पुट भावाबाहेर, म्हणजे वापरून फायदा नसलेले, सौदा संपला, असं समजून मी संगणक बंद केला.

सौदा संपला नव्हता. खरेदी-विक्री चार वाजता थांबते, पण ज्याच्याकडे ऑप्शन आहे त्याला तो वापरायचा की नाही हे कळवायला अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेने साडेपाचपर्यंत मुभा असते. काही ब्रोकर आपल्या ग्राहकांसाठी ती वेळ अलीकडे आणतात, एवढंच. एक सेंट जरी भावात असेल तर ऑप्शन आपोआप वापरला जातो, हे सगळ्यांना पाठ असतं. भावाबाहेरचा ऑप्शनही त्या दीड तासात सूचना देऊन वापरता येतो, हे मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी कंपनीची वाईट बातमी आली. शेअर ५६ पर्यंत उतरला. माझे ६० चे पुट घेतलेल्या समोरच्यांनी ते वापरले. माझा ५५ चा पुट त्याच संध्याकाळी संपला. शनिवारी सकाळी खातं उघडलं तर त्यात ६० च्या भावाने घेतलेले १,४०० शेअर, म्हणजे ८४,००० डॉलरचा माल, आणि खाली मार्जिन कॉल, म्हणजे ब्रोकरची आणखी पैसे भरायची मागणी. वीसपैकी चौदाच असाइन झाले होते, म्हणजे तेवढ्यांचेच शेअर मला घ्यावे लागले. ऑप्शनचे सौदे मिटवणारी ऑप्शन्स क्लिअरिंग कॉर्पोरेशन चिठ्ठ्या टाकल्यासारखं ब्रोकरांमध्ये वाटप करते, मग ब्रोकर ग्राहकांमध्ये. त्यामुळे आपल्या वाट्याला किती येतील हे आधी कुणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच घंटेनंतर बचावाचा सौदा किती शेअरचा करायचा हेही कळत नाही. सोमवारी शेअर ५१ वर उघडला. आधी मिळालेला प्रीमियम (ते क्रेडिट) वजा जाऊनही तोटा १०,८०० डॉलर.

वहीतलं ८,२०० चुकीचं नव्हतं. ते दोन्ही लेग जिवंत असेपर्यंतच खरं होतं. शुक्रवारी संध्याकाळी एक मेला आणि दुसऱ्याचे शेअर झाले. स्प्रेडला मर्यादा असते हे तू ज्या विश्वासाने लिहिलं आहेस, त्याच विश्वासाने मीही लिहीत होते, म्हणून इतकं कळकळीने सांगते आहे. मर्यादा आहे, पण शुक्रवारच्या घंटेपर्यंतच.

आता तुझी असाइनमेंटची भीती. मधल्या काळात, एक्स्पायरीला दिवस असताना, विकलेला लेग असाइन झाला तर घाबरू नकोस. घेतलेला लेग अजून तुझ्याकडे असतो, तोटा मर्यादेतच असतो. घाईने तो लेग वापरू मात्र नकोस. त्यात वेळेची काही किंमत (उरलेल्या दिवसांमुळे असलेली) उरली असेल तर वापरल्यावर ती जळून जाते. असाइन होऊन आलेले शेअर बाजारात सोडव आणि लेग वेगळा विक. हे शेअरवरच्या ऑप्शनचं. एसपीएक्स (एस अँड पी ५००) सारख्या इंडेक्सच्या ऑप्शनमध्ये आधी असाइनमेंट होत नाही आणि हिशेब रोखीत मिटतो, ती तुझी अडचण नाही.

तुझा दुसरा सौदा कॉलचा, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घ्यायच्या हक्काचा, आहे, म्हणून लाभांशाकडे बघ. एक्स-डिव्हिडंडच्या (त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) आदल्या दिवशी, विकलेल्या कॉलमध्ये उरलेली वेळेची किंमत लाभांशापेक्षा कमी असेल तर समोरचा तो कॉल वापरणार असंच धरून चाल. त्याच स्ट्राइकच्या पुटचा भाव पाहिलास की अंदाज येतो: लाभांश ६० सेंट आणि पुट १५ सेंटला, तर रात्री तुझ्या खात्यात उणे शेअर (उसने घेऊन विकलेले) येतील आणि तो लाभांश तुझ्या खिशातून जाईल. तारीख आजच तपास. हे मी दुसऱ्यांदा सांगणार नाही.

तर तो कॉल स्प्रेड. ९० चा घेतलेला, ९५ चा विकलेला, २.८० ला पडला, शेअर १०३. दोन्ही स्ट्राइक भावात, म्हणजे किंमत पाच व्हायला हवी, आणि पडद्यावर ४.४० दिसते म्हणून तू वैतागला आहेस. भावात खोल गेलेल्या ऑप्शनमध्ये खरेदी आणि विक्रीच्या भावातली दरी मोठी असते. पडद्यावरचा तो आकडा म्हणजे दोन्ही लेगचा वाईटात वाईट भाव एकत्र केलेला. त्या भावाला विकायचं नाही. दोन्ही लेगची एकच स्प्रेड ऑर्डर लाव, लिमिट (कमीत कमी भाव) ४.९५, आणि वाट बघ. भरली नाही तर अर्ध्या तासाने पाच सेंट खाली ये. खरा भाव काय असावा हे जाणून घ्यायला त्याच ९० आणि ९५ चा पुट स्प्रेड बघ: तो १० सेंटला असेल तर तुझा कॉल स्प्रेड साधारण ४.९० चा आहे. तोच पुट स्प्रेड विकत घेऊन फायदा कुलूपबंद करता येतो असं काही जण सांगतील. येतो. पण मग चार लेग एक्स्पायरीपर्यंत सांभाळायचे, आणि शेअर ९५ वर येऊन चिकटला तर विकलेल्या कॉलचं काय होणार ही अनिश्चितता तशीच. ४.९० ला निघ. उरलेले दहा सेंट सोड.

एका लेगचा मोह तर अजिबात नको. मीही एकदा केलं होतं: घेतलेला लेग आधी विकला, चार पैसे जास्त मिळाले म्हणून खूश झाले, आणि उघडा पडलेला विकलेला लेग त्याच दुपारी उलटला. एकच ऑर्डर, दोन्ही लेग. फोनवर असशील, घाईत असशील, ब्रोकरचं ॲप स्वतंत्र बंद करायचं बटण पुढे करत असेल, तरी एकच ऑर्डर.

रोल करू का, असंही शेवटी विचारलंस. रोल म्हणजे हा सौदा बंद करून दुसरा उघडणं, यापेक्षा त्यात काही नाही. पुढच्या महिन्याचा तो स्प्रेड तू आज कोऱ्या खात्यात घेतला असतास का? घेतला असतास तर घे. नसतास, तर रोल हा शब्द फक्त मनाची समजूत काढायला आहे.

माझ्याबरोबर ट्रेड करणारे दोघे-तिघे मला गेली कित्येक वर्षं सांगतात की मी फार लवकर निघते. अर्धा नफा दिसला की बाहेर, आणि कधीच एक्स्पायरीच्या आठवड्यात नाही. ते म्हणतात, सगळे सौदे शेवटपर्यंत ठेवले असतेस तर जास्त कमावलं असतंस. कदाचित खरं असेल. मी हिशेब करून पाहिलेला नाही आणि करणारही नाही, कारण त्या हिशेबात तो एक शनिवार सकाळचा आकडा कुठे धरायचा हे मला कुणी सांगितलेलं नाही. त्या वर्षी मी घरात कुणाशी धड बोलले नाही. तुझ्या वयाच्या माझ्या मुलीने मला काय झालं म्हणून विचारलं आणि मी तिच्यावर खेकसले. ते पैसे नंतर परत आले. त्या महिन्यांची भरपाई झाली नाही. मला भित्री म्हणणाऱ्यांना खुशाल म्हणू दे. मी अजून या बाजारात आहे.

तू भित्रा नाहीस, आणि लोभीही नाहीस. शेवटचे काही सेंट तुझ्या हक्काचे आहेत असं तुला वाटतं आहे. ते तुझे नाहीत. शेवटच्या तीन दिवसांचा धोका घेणाऱ्याला ते मिळतात, आणि तो धोका तू घ्यायचा नाहीस.

उद्या बाजार उघडल्यावर पहिली वीस मिनिटं काही करू नकोस, भाव विस्कटलेले असतात. मग पुट स्प्रेडची ऑर्डर १२ सेंटला लाव, दुपारपर्यंत भरली नाही तर १५ पर्यंत जा. कॉल स्प्रेड ४.९५ पासून सुरू कर आणि ४.८५ च्या खाली जायची वेळ आली तर आधी मला फोन कर. दोन्ही भरले की रात्री कितीही वाजले असले तरी कळव, मी जागी असेन.

तुझी,
मावशी