सातवीतल्या मुलाला शाळांच्या मैत्रीच्या रोबोट स्पर्धेत उतरवायचंय. क्लास लावावा की घरी जमेल? बाकीचे पालक क्लासकडून रोबोट करून घेतात, मग आमचा मागे पडेल. किट कोणतं घ्यावं?

क्लास लावू नका. सातवीतल्या मुलाला घरी जमतं. किटचं पुढे सांगतो, पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय ना, "बाकीचे पालक क्लासकडून रोबोट करून घेतात, मग आमचा मागे पडेल", त्या एका वाक्यावरून आमच्या घरात तीन वर्षं वाद चालू आहे. म्हणून आधी ते.

मी लिफ्ट मेंटेनन्सचं काम करतो, राहायला लालबागला. लेक तेव्हा सातवीतच होती. स्पर्धा दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, आसपासच्या शाळांची, लाइन फॉलोअरची, म्हणजे काळ्या रेघेवरून आपोआप चालणाऱ्या रोबोटची. तुमच्यासारखीच, मैत्रीची. तीन मुलींची टीम. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच घरी बसून त्यांनी रोबोट केला. सराव चाळीच्या गॅलरीत. मंडळाचा जुना फ्लेक्स उलटा अंथरायचा, मागच्या पांढऱ्या बाजूवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची. दिवसा गॅलरीतून येजा असते, त्यामुळे सगळा सराव रात्री नऊनंतर, ट्यूबलाइटखाली. ही रात्रीची गोष्ट लक्षात ठेवा.

माझ्या मोठ्या भावाने आदल्या वर्षी त्याच्या मुलासाठी क्लासकडून रोबोट करून घेतला होता. नऊ हजार मोजले, रोबोट खोक्यातून घरी आला, पहिला नंबरही आला. दादाचं म्हणणं, "तुला एवढं इलेक्ट्रिकलचं कळतं, तूच बनवून दे ना. सगळेच देतात." मी नाही म्हणालो. सोल्डरिंग करताना शेजारी बसलो, पण हात लावला नाही.

स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक टीमला तीन फेऱ्या होत्या, त्यातली सगळ्यात चांगली वेळ धरायची. मुलं आत, पालक दोरीच्या बाहेर. हॉलला पूर्वेकडे उंच खिडक्या आणि सकाळचं ऊन ट्रॅकच्या एका टोकावर तिरकं पडलेलं. आमचा रोबोट दोन वळणं नीट गेला, उन्हाच्या पट्ट्यात शिरला आणि सरळ पुढे जाऊन फ्लेक्सच्या बाहेर टेबलाच्या पायाला आदळला. दुसऱ्या फेरीत त्याच जागी तेच.

मला पहिल्याच फेरीत कळलं होतं. लिफ्टच्या दाराला जो इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा, पडदा असतो, त्याच्यावर थेट ऊन पडलं की काही ठिकाणी दार मिटायचं नाव घेत नाही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या लॉबीत दुपारी चारनंतर या तक्रारी येतात. उन्हातही इन्फ्रारेड असतं. रोबोटचा सेन्सर स्वतःचा तसाच उजेड खाली टाकतो आणि परत किती आला ते बघतो. काळ्यावरून कमी येतो, पांढऱ्यावरून जास्त. उन्हात सगळीकडूनच भरपूर येतो, मग त्याला काळं दिसतच नाही. आमचा सराव सगळा रात्रीचा, म्हणून हे घरी कधी कळलंच नाही.

दादा माझ्या शेजारी उभा होता. त्याला म्हटलं, उन्हाचा प्रॉब्लेम आहे. तो म्हणाला, "मग ओरडून सांग तिला! बघतोस काय?" मी गप्प राहिलो. तिसऱ्या फेरीला पंधरा मिनिटं होती आणि ती पंधरा मिनिटं मला फार जड गेली, हे खरं सांगतो. लेकीने आधी बॅटरी बदलली. मग सेन्सर कमीजास्त करायचा निळा प्रीसेट बारीक स्क्रू ड्रायव्हरने पिळून बघितला. काही फरक नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला लांबून दिसत होतं.

मग शेजारच्या टेबलावरची दुसऱ्या शाळेची एक मुलगी उठून आली. तिचा रोबोट नीट चालत होता, तिला यायची काही गरज नव्हती. दोघी गुडघ्यांवर बसल्या. लेकीने रोबोट उचलून काळ्या टेपवर धरला. सेन्सरवरचा बारका लाल दिवा विझायला हवा होता, विझला नाही. त्या मुलीने बाजूला ओंजळीची सावली केली आणि दिवा विझला. हात काढला, पेटला. पुन्हा सावली, विझला. लेकीने मान वर करून खिडकीकडे बघितलं.

पुढची पाच मिनिटं नुसती धावपळ. त्या मुलीच्या टीमकडे काळा कार्डपेपर होता, त्याची त्यांनी सेन्सरभोवती झालर लावली. जमिनीला घासेल म्हणून पुन्हा कापून जरा वर घेतली. तिसऱ्या फेरीत रोबोट ऊन पार करून शेवटपर्यंत गेला. नंबर सातवा.

दादा तेव्हापासून म्हणतोय, "पहिल्या फेरीनंतर सांगितलं असतंस तर पहिल्या तिनात आली असती." आली असती कदाचित. पण दादा, तुझ्या घरी तो पहिल्या नंबरचा रोबोट शोकेसमध्ये आहे. महिन्याभरात त्याची एक मोटर बंद पडली आणि आजतागायत तो कुणी उघडलेला नाही, कारण आत काय आहे ते तुझ्या मुलाला कुणी सांगितलंच नाही. पोरगा हुशार आहे. त्याचा हात मोठ्यांनी आखडून ठेवला.

लेक माझ्यावर रागावली, तेही सांगतो. ट्रेनमध्ये तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला कळलं होतं ना?" मी हो म्हटलं. परळ येईपर्यंत ती बोलली नाही. करी रोडला उतरताना विचारलं, "मग लिफ्टला ऊन लागलं तर तुम्ही काय करता?" घरी पोचेपर्यंत मी तेच सांगत होतो: उन्हाला आडोसा कसा करतो, चांगला सेन्सर आपला उजेड ठरावीक ठेक्यात उघडझाप करत सोडतो आणि तोच ठेका ओळखतो, म्हणून बाहेरच्या उजेडाने सहसा फसत नाही. पुढच्या रोबोटमध्ये तिने तो ठेका स्वतः प्रोग्राममध्ये घातला.

आणि हा काही माझा एकट्याचा हट्ट नाही. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड या मुलांच्या आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धेत फेऱ्या चालू असताना कोचला मुलांच्या जागेत जाता येत नाही, सूचनाही देता येत नाहीत. फर्स्ट लेगो लीग या तशाच दुसऱ्या स्पर्धेत रोबोटची फेरी अडीच मिनिटांची, पण टीम एकमेकांशी आणि समोरच्यांशी कशी वागते यालाही गुण असतात. ती ज्या फर्स्ट संस्थेची स्पर्धा आहे ती अमेरिकन संशोधक डीन केमेन यांनी १९८९ मध्ये काढली. जीव तोडून स्पर्धा करायची आणि प्रतिस्पर्ध्याला मदतही करायची, हे तिथे अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी रुजवलं. ओंजळीची सावली करणाऱ्या त्या मुलीला ही नावं माहीत असतील असं नाही.

आता किट. पहिल्या वर्षी महागडं काही घेऊ नका. कुणी लेगोचा जुना माइंडस्टॉर्म रोबोट सेट देत असेल तर विचार करून घ्या, लेगोने ते २०२२ च्या अखेरीस बंद केलंय. आर्डुइनो उनो (प्रोग्राम टाकायचा बोर्ड), दोन बीओ मोटर (गिअरवाल्या छोट्या मोटर), एल२९८ ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकमाने मोटर चालवणारा), दोन आयआर म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर, कॅस्टर (कुठेही वळणारं छोटं चाक), चासी (सांगाडा), एवढ्यात होतं. आमचा तेव्हा अठराशेच्या आसपास खर्च झाला. हा ड्रायव्हर मध्येच दोनेक व्होल्ट खातो, म्हणून मोटर मंद वाटली तर लगेच नवी आणू नका. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली, मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची लॅब) असेल तर आधी तिथे विचारा. सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच ती असते आणि बऱ्याच शाळांत तिला कुलूप असतं. सरांच्या मागे लागून ते उघडून घ्या.

तुम्हीही रोबोटला हात लावू नका, पण त्याला एक अपवाद आहे. लिथियमचे सेल मुलाच्या एकट्याच्या हाती देऊ नका. शॉर्ट झाले तर आग लागते. चार्जिंगला मोठं माणूस हवंच, सोल्डरिंगलाही. आणि घरात कुणालाच यातलं काही कळत नसेल, तर क्लासला अगदीच नाही म्हणणार नाही. फक्त आधी अर्धा तास बसून बघा, जोडणी पोरं करतायत की सर.

सामान लॅमिंग्टन रोडला घ्या, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी जा. यादी मुलालाच करू द्या आणि काउंटरवर त्यालाच बोलू द्या.