वेस्टर्न सिनेमात टोळीच्या मागे सूडाने लागलेला मार्शल दाखवतात, तसं खरंच कधी घडलं होतं का?

घडलं होतं, पण सिनेमात दाखवतात तितकं सरळ नव्हतं. तुम्ही विचारलंय की भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला मार्शल आणि त्याच्या पुढे पळणारी टोळी ही नुसती लेखकांची कल्पना आहे की असा कोणी होऊन गेला. होऊन गेला. त्याचं नाव वायट अर्प. (वायट, वाईट नव्हे. पण आपल्याकडच्या कोणी चुकून तसं वाचलं तर मी हरकत घेणार नाही.) १८८२ च्या मार्चमध्ये ॲरिझोनात तो टोळीच्या मागे लागला होता, आणि त्याच वेळी त्याच्या मागे शेरीफ लागला होता. कडी म्हणजे, तो ज्यांच्या जिवावर उठला होता त्यांच्याच जोडीदारांना शेरीफने बिल्ले वाटून आपल्या तुकडीत घेतलं होतं. दोन्ही बाजूंच्या खिशात सरकारी कागद. चोर कोण आणि शिपाई कोण, हे तेव्हाही ठरलं नाही.

मी ॲरिझोनातल्या टूसॉनला दोन वर्षं नोकरीला होतो. तिथल्या जुन्या रेल्वे स्टेशनाजवळ वायट आणि त्याचा मित्र डॉक हॉलिडे यांचे ब्राँझचे पुतळे आहेत. पाहुणे आले की त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचा, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. ते पुतळे तिथेच का, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याच रेल्वेच्या आवारात या जोडीने आणि त्यांच्या साथीदारांनी एका माणसाला गोळ्या घातल्या होत्या. म्हणजे खुनाच्या जागेवर खून करणाऱ्यांचे पुतळे. तेव्हापासून मी हे प्रकरण वाचतोय.

टूमस्टोन हे गाव टूसॉनहून सव्वाशे किलोमीटरच्या आत. नावाचा अर्थ थडग्यावरचा दगड. एड शिफेलिन नावाचा माणूस १८७७ साली अपाचे मुलखात खनिज शोधत फिरत होता, तेव्हा लोकांनी त्याला सांगितलं होतं की तिथे तुला तुझं थडगंच सापडेल. सापडली चांदी. त्याने खाणीला तेच नाव दिलं, आणि १८७९ साली गाव वसलं. चांदी आली तसे दारूचे गुत्ते, जुगार आणि वकील आले, आणि अर्प भाऊही आले.

गावाबाहेरच्या रानात वेगळंच राज्य होतं. त्या भागात तेव्हा ‘काउबॉय’ म्हणजे जवळजवळ शिवी. सचोटीने गुरं पाळणारा स्वतःला रँचर म्हणवून घ्यायचा. काउबॉय म्हणजे मेक्सिकोच्या हद्दीत शिरून गुरं हाकून आणणारे, जमलं तर टपालाची घोडागाडी लुटणारे. यांची बांधीव टोळी नव्हती, नामांकित सरदार नव्हता. आज हा त्याच्याबरोबर, उद्या तो याच्याबरोबर. सिनेमाला टोळी लागते म्हणून आपण टोळी म्हणायचं.

कायदा कोणाच्या हातात होता, हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. कोचीस काउंटीचा, म्हणजे टूमस्टोन ज्यात येतं त्या जिल्ह्याचा, शेरीफ जॉनी बीहन. कर वसूल करायचं कामही शेरीफकडेच, आणि वसुलीतला हिस्सा त्याच्या खिशात. रानातल्या लोकांशी वाकडं घेऊन त्याचं भागणार नव्हतं. दुसरीकडे वायटचा थोरला भाऊ व्हर्जिल हा गावचा मार्शल, म्हणजे आपल्या भाषेत फौजदार म्हणा, आणि शिवाय केंद्र सरकारचा डेप्युटी मार्शल. वायट तेव्हा कायमचा मार्शल नव्हताच. लागेल तसा भावाच्या मदतीला उभा राहायचा, बाकी वेळ जुगाराच्या टेबलावर. गावात वर्तमानपत्रं दोन. ‘एपिटाफ’चा संपादक जॉन क्लम हा गावचा महापौर आणि अर्पांचा दोस्त. ‘नगेट’चा संपादक हॅरी वुड्स हा बीहनचाच दुय्यम शेरीफ. एकाच गोळीबाराच्या दोन बातम्या वाचल्या तर ही दोन गावं असावीत असं वाटेल. आपल्याला हे काही नवीन नाही.

एका बाजूला अर्प भाऊ आणि डॉक, दुसऱ्या बाजूला काउबॉय, अशी २६ ऑक्टोबर १८८१ ची ओके कोरलची चकमक तुम्हाला माहीत असेल, म्हणून ती पटकन उरकतो. ती कोरलमध्ये, म्हणजे घोड्यांच्या आवारात, झालीच नाही. बाजूच्या फ्रीमाँट स्ट्रीटवर, फ्लाय नावाच्या फोटोग्राफरच्या घराशेजारच्या चिंचोळ्या बोळात झाली. अर्धा मिनिट, तीसेक गोळ्या. काउबॉयांपैकी बिली क्लँटन आणि टॉम व फ्रँक मॅक्लॉरी हे भाऊ मेले. बिलीचा निःशस्त्र भाऊ आइक क्लँटन पळाला. व्हर्जिल आणि वायटचा धाकटा भाऊ मॉर्गन जखमी झाले, डॉकला गोळी चाटून गेली, वायटला ओरखडाही नाही. महिनाभर चौकशी चालली आणि न्यायाधीश वेल्स स्पायसरने अर्पांना सोडून दिलं. बहुतेक सिनेमे इथे संपतात. माझ्या मते गोष्ट इथे सुरू होते.

२८ डिसेंबरच्या रात्री व्हर्जिल रस्ता ओलांडत होता. अंधारातून दुनळी बंदुकांचे बार आले. डॉक्टर जॉर्ज गुडफेलोने त्याच्या डाव्या दंडातलं काही इंच हाड काढून टाकलं. हात राहिला, पण लोंबकळता. आपल्याकडे हात गेलेला ठाकूर आबालवृद्धांना पाठ आहे. इथे खरोखरचा होता, आणि त्याचं नावही धड कोणाला माहीत नाही. जिथून गोळ्या झाडल्या गेल्या तिथे आइक क्लँटनची टोपी सापडली. खटला उभा राहिला, आणि आइक त्या रात्री चार्ल्सटनला होता असं शपथेवर सांगणारे साक्षीदारही उभे राहिले. सुटला. दरम्यान वायटने ॲरिझोनाचा मुख्य मार्शल क्रॉली डेक याला तार करून स्वतःसाठी डेप्युटी मार्शलचे अधिकार मागून घेतले होते. हा बिल्ला पुढे लक्षात ठेवा.

१८ मार्च १८८२, शनिवारची रात्र. मॉर्गन नाटक बघून आला आणि कॅम्पबेल अँड हॅचच्या गुत्त्यात बिलियर्ड्स खेळत होता. वायट शेजारी बसून बघत होता. मागच्या बोळातून, दाराच्या काचेतून गोळी आली आणि मॉर्गनच्या पाठीत शिरली. दुसरी वायटच्या डोक्यावरच्या भिंतीत घुसली. मॉर्गन तासाभरात गेला. दुसऱ्या दिवशी वायटला चौतीस वर्षं पूर्ण झाली.

मॉर्गनच्या मृत्यूच्या चौकशीत काउबॉयांतल्या पीट स्पेन्सची बायको मारिएता दुआर्ते हिने स्वतःच्या नवऱ्याचं आणि फ्रँक स्टिलवेलचं नाव घेतलं. हिंमत बघा बाईची. पण पुढे कोर्टात बचावपक्षाने हरकत घेतली की नवऱ्याविरुद्ध बायकोची साक्ष चालत नाही आणि बाकीचं सगळं ऐकीव. स्पेन्सवरचा आरोप बारगळला. आणि हा स्टिलवेल कोण? काही महिन्यांपूर्वीपर्यंत बीहनचाच डेप्युटी शेरीफ. बिल्ला गेला आणि मग बिस्बीच्या घोडागाडीच्या लुटीत त्याच्यावर आळ आला. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

वायट मात्र कोर्टाचा निकाल ऐकायला थांबलाच नाही. मॉर्गनचं प्रेत कॅलिफोर्नियात आईवडिलांकडे रवाना झालं होतं. २० मार्चला जायबंदी व्हर्जिलला आणि त्याच्या बायकोला घेऊन वायट, डॉक, सर्वांत धाकटा भाऊ वॉरन, शर्मन मॅकमास्टर आणि टर्की क्रीक जॅक जॉन्सन टूसॉनच्या स्टेशनवर आले. तिथे स्टिलवेल दिसला. सकाळी त्याचं प्रेत रुळांजवळ सापडलं, गोळ्यांनी चाळण झालेलं. वायटने हे कधी लपवलं नाही. टूसॉनमध्ये पाचही जणांवर खुनाचं पकडवॉरंट निघालं. केंद्र सरकारचा डेप्युटी मार्शल आता खुनाच्या आरोपातला फरारी होता. आता ज्याच्यापाशी वॉरंट आहे त्याच्यावरच वॉरंट, तर अटक कोणी कोणाला करायची?

दोन दिवसांनी ते ड्रॅगून डोंगरातल्या स्पेन्सच्या लाकूडतोडीच्या तळावर पोचले. स्पेन्स नव्हता. तो शहाणा माणूस बीहनच्या स्वाधीन होऊन तुरुंगात सुरक्षित बसला होता. सापडला फ्लोरेंतिनो क्रूझ. तो टेकडीवर पळाला, त्याच्यामागे हे गेले, गोळ्यांचे आवाज आले, आणि क्रूझ परत आला नाही. त्याने मरण्याआधी कबुली दिली, असं वायट नंतर सांगायचा. ती कबुली ऐकणारे सगळे वायटचेच लोक. मला या पूर्ण प्रकरणात हाच मृत्यू बोचतो. स्टिलवेल, किंवा पुढे येणारा काउबॉय कर्ली बिल, ही माणसं स्वतःच्या पायाने या खेळात आलेली होती. क्रूझच्या बाबतीत तसं छातीठोक म्हणायला माझ्याकडे काहीच नाही. लाकूड तोडणाऱ्या तळावरचा स्पॅनिश बोलणारा माणूस, आणि पाचसहा बंदूकधारी. यात थरार कुठून आणणार?

थरार २४ मार्चला, व्हेटस्टोन डोंगरातल्या आयर्न स्प्रिंग्सवर. हे लोक पाण्यासाठी झऱ्याकडे वळले आणि समोरच कर्ली बिल ब्रोशियस साथीदारांसह तळ ठोकून. पुढचं वर्णन वायटच्याच तोंडचं, तेव्हा चिमूटभर मीठ घालून घ्या. साथीदार आडोशाला मागे सरले, त्यांच्यातल्या टेक्सस जॅकचा घोडा पडला, आणि वायट एकटा पुढे उभा. बिलचा नेम चुकला, वायटच्या दुनळीचा नाही. मग वायटने घोड्यावर चढायला पाय उचलला तर उकाड्यामुळे सैल केलेला काडतुसांचा पट्टा घसरून पायांत अडकलेला. गोळ्या येतायत आणि हा मार्शल पट्टा वर ओढतोय. कोणत्या नायकाचा असा सीन तुम्ही पाहिलाय? म्हणूनच मला तो खरा वाटतो. बुटाची टाच उडाली, खोगिराला गोळी लागली, कोटाला भोकं पडली, अंगाला काही नाही. कर्ली बिलचं प्रेत मात्र लोकांना कधी बघायला मिळालं नाही. एपिटाफ म्हणे मेला, नगेट म्हणे दाखवा.

आणखी एक गंमत. दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबर १८८० मध्ये, याच कर्ली बिलच्या पिस्तुलाची गोळी लागून गावचा तेव्हाचा मार्शल फ्रेड व्हाइट मेला होता. तेव्हा गोळी चुकून सुटली अशी साक्ष कोर्टात कोणी दिली? वायट अर्पने. त्या साक्षीमुळे बिल सुटायला मदत झाली.

तोवर बीहनने आपली वीसएक जणांची तुकडी उभी केली होती. त्यात जॉनी रिंगो होता, आइकचा भाऊ फिन क्लँटन होता. ज्यांना पकडायला हवं त्यांनाच बिल्ले देऊन पकडायला पाठवलं. टूसॉनचा शेरीफ बॉब पॉल, ज्याच्या हद्दीत स्टिलवेलचा खून झाला होता, तो या वरातीत सामील झाला नाही. सिएरा बोनिता रँचचा मालक हेन्री हूकर हा त्या भागातला मोठा गुरांचा धनी. चोरांनी त्रासलेला. त्याने अर्पच्या लोकांना जेवू घातलं, विश्रांती दिली. मागोमाग बीहन आला तर त्याला माग सांगायला साफ नकार. इकडे खाणवाले आणि एक्सप्रेस कंपनी अर्पच्या खर्चाला हातभार लावत होते. म्हणजे सूड वायटचा असला, तरी त्यातून रान साफ झालं तर ज्यांचा धंदा बरा चालणार होता त्यांनी पैसे मोजले.

दोन्ही तुकड्यांची समोरासमोर गाठ पडलीच नाही. एप्रिलच्या मध्याला वायट आणि मंडळी ॲरिझोना सोडून न्यू मेक्सिकोत गेली आणि तिथून पुढे कोलोरॅडोत उतरली. तीन-चार आठवड्यांचा खेळ, नक्की सांगता येतील असे दोन मृत्यू, कर्ली बिलचा धरला तर तीन. आइक सुटला, स्पेन्स सुटला. पूर्ण झालेला सूड सिनेमातच असतो. मे महिन्यात डॉक डेन्व्हरला पकडला गेला, पण कोलोरॅडोच्या गव्हर्नरने त्याला ॲरिझोनाच्या हवाली करायला नकार दिला. जुलैत जॉनी रिंगो एका ओकच्या झाडाखाली डोक्यात गोळी लागून मेलेला सापडला. चौकशीत आत्महत्या ठरली, तरी वायटनेच मारलं म्हणणारे आजही भेटतात. आइक १८८७ साली गुरंचोरीच्याच प्रकरणात मारला गेला. डॉक त्याच वर्षी क्षयाने अंथरुणात गेला, वय छत्तीस.

स्टिलवेलच्या खुनाचा खटला वायटवर कधीच चालला नाही. तो ऐंशी वर्षं जगला. उतारवयात लॉस एंजेलिसमध्ये सिनेमावाल्यांत त्याची ऊठबस असायची. १९२९ च्या जानेवारीत तो गेला तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत विल्यम हार्ट आणि टॉम मिक्स हे मूकपटांतले दोन काउबॉय नट होते. काउबॉय ही शिवी असलेल्या गावातून तो निघाला होता. दोन वर्षांनी त्याचं चरित्र आलं, त्यात तो धुतल्या तांदळासारखा होता, आणि तुम्ही सिनेमात बघता तो मार्शल बराचसा त्या पुस्तकातून उतरलेला आहे.

व्हर्जिलचं राहिलं. गावचा रीतसर नेमलेला मार्शल घरात तोच एक होता. तो कॅलिफोर्नियात कोल्टनला गेला, आणि १८८७ साली गावाने त्याला आपला पहिला मार्शल म्हणून निवडून दिलं. डावा हात निकामी असताना. १९०५ साली नेव्हाडात न्यूमोनियाने गेला तेव्हाही तो डेप्युटी शेरीफ होता. त्याचा पुतळा मात्र मी टूसॉनच्या स्टेशनवर पाहिला नाही.