बादली पोरांची, साखर आईची

‘ताई, रक्तातल्या साखरेच्या तपासणीत ए-वन-सी ५.९ आल्यापासून साखर बंद केली. गणपतीत मोदकालासुद्धा हात लावला नाही. पण पोरांनी हॅलोविनला घरोघर फिरून जमवलेल्या चॉकलेटांची बादली फ्रिजवर ठेवली आहे आणि रात्री डिशवॉशर लावता लावता हात तिथेच जातो. एक म्हणता म्हणता चार कागद कचऱ्यात दिसतात. आता दिवाळी, मंडळाचा फराळ, मग थँक्सगिव्हिंग. माझा मनावर ताबाच नाही का हो?’

न्यू जर्सीहून आलेल्या या पत्रात आणखी तीन प्रश्न आहेत. त्यांच्याकडे येतेच. पण आधी मला सांग, मोदकाला हात का नाही लावलास? वर्षातून एकदा येणारा, पानात वाढलेला, वर तूप सोडलेला उकडीचा मोदक नाकारलास, आणि ओट्याशी उभी राहून जी चॉकलेटं खाल्लीस ती तुला आवडतात तरी का? पत्रात तूच लिहिलं आहेस, ‘चव तर काही खास नसते.’ मग?

माझे नेहमीचे वाचक आता हसतील, कारण माझं तुणतुणं ठरलेलं आहे: गोड पानात घ्यावं. आपल्या नैवेद्याच्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये वरणभात आणि त्यांच्याच पंगतीला गोड. श्रीखंड जेवणानंतर वेगळं येत नाही, पुरीबरोबर येतं. डाळ, भाजी, कोशिंबीर पोटात असली की साखर रक्तात सावकाश चढते. शिवाय ताटात किती वाढलंय ते डोळ्यांना दिसतं. फ्रिजवरच्या बादलीत काहीच दिसत नाही.

आता हिशेब कर. त्या बोटभर बारमध्ये साधारण आठ ग्रॅम साखर असते. चार झाले की बत्तीस. अमेरिकन हार्ट असोसिएशन बायकांना दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर पुरे म्हणते, म्हणजे सहा चमचे, आणि दोन वर्षांपुढच्या मुलांनाही तेवढीच. म्हणजे दिवसभर फिका चहा पिऊन रात्री अकराला तू सगळा कोटा ओलांडतेस. आणि नवरात्रात ‘नऊ दिवस साबुदाण्यावर काढले’ हे अभिमानाने लिहिलंस; साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्याबद्दल न बोललेलं बरं.

हे नुसतं वजनाचं नाही, बाई. ए-वन-सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आपल्या लोकांचं शरीर या बाबतीत लबाड आहे. वरून सडपातळ दिसतं, पण मधुमेह कमी वजनातच गाठतो. म्हणूनच इथले डॉक्टर आशियाई वंशाच्या माणसांची मधुमेहाची तपासणी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ ऐवजी २३ पासूनच करायला सांगतात.

बादली लपवू नकोस. आमच्याकडे मुलं लहान असताना पहिल्या रात्री गालिच्यावर सगळं ओतून घ्यायची, प्रतवारी लावायची, अदलाबदल करायची आणि हवं तेवढं खायची. मी बघत बसायचे. दुसऱ्या दिवसापासून मात्र रात्रीच्या जेवणात, ताटात, प्रत्येकी दोन. आमटीभाताशेजारी चॉकलेट बघून माझ्या जाऊबाई कपाळाला हात लावायच्या. पण जेवताना तोंडात लाळ जास्त सुटते, म्हणून दातांनाही तेच बरं. थँक्सगिव्हिंगपर्यंत पोरांना बादलीची आठवणही राहायची नाही.

आठवण राहायची ती आमच्या ह्यांना! सासूबाईंनी रेशनच्या रांगेत उभं राहून साखर आणलेली, त्यामुळे ‘वाया जाऊ द्यायचं नाही’ हे ह्यांच्या हाडात मुरलेलं. फुकट आलेली टॉफी संपवणं हे त्यांना कर्तव्य वाटायचं. तुझंही तेच दिसतंय. ‘टाकवत नाही’ असं दोनदा लिहिलं आहेस. अगं, कचऱ्याच्या डब्यात गेली काय आणि तुझ्या पोटात गेली काय, वाया तर गेलीच. मुलांनी आवडीची वेगळी काढली की उरलेली घराबाहेर पाठव. काही दंतवैद्य ती वजनावर विकत घेतात, त्यांना विचार.

दिवाळीलाही हाच कायदा. फराळाची ताटली एकदा भरायची, बसून खायची, डबा पुन्हा उघडायचा नाही. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते: सकाळी उटणं, संध्याकाळी भुताचा मुखवटा. आमच्या नातवाने त्या दिवशी करंजीही ताटातच मागितली. वळण लागतं ते असं.

आता राहिलेलं. दारावर येणाऱ्या मुलांना चॉकलेटऐवजी पेन्सिली, स्टिकर दिले तर वाईट दिसेल का? नाही. ॲलर्जीवाल्या मुलांसाठी, इथे खाऊऐवजी दुसरं काही मिळेल अशी खूण म्हणून लोक हिरवट निळा भोपळा दारात ठेवतात, तो तूही ठेव. नवरा उरलेलं ऑफिसात नेतो म्हणून रागावलीस? नेऊ दे की! सासूबाई म्हणतात, ‘सणाला पोरांना अडवू नये.’ बरोबरच म्हणतात. वाढायचं काम त्यांच्याकडेच दे.

ए-वन-सी साधारण तीन महिन्यांचा हिशेब दाखवते, तेव्हा पुढची तपासणी कधी ते डॉक्टरांना विचारून संक्रांतीनंतर करून घे आणि आकडा मला कळव. त्याच पत्रात तिळगुळाचं काय करू, असं मात्र विचारू नकोस.